एका माशाचे सभासद : महाशीर, अँगलिंग क्लब आणि पकडीची नोंदवही

प्रस्तावना

संघटनांचा इतिहास लिहिताना राजकीय पक्ष, कामगार संघ, सहकारी संस्था, वाचनालये, तालमी यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे जाते. केवळ छंदापायी एकत्र आलेल्या मोजक्या मंडळींचे क्लब मात्र या इतिहासात क्वचितच येतात. त्यातही एखाद्या नदीतील एकाच जातीच्या माशासाठी आयुष्यातील सुट्ट्या खर्ची घालणाऱ्या लोकांचा क्लब हा तर चेष्टेचाच विषय वाटावा. तथापि, जुन्या सभासदाची शिफारस मिळवून, वर्गणी भरून, कधी कधी कित्येक वर्षे वाट पाहून एखादी व्यक्ती अशा क्लबात दाखल होते, तेव्हा ती नेमकी कशाची सभासद होते? मासे धरण्याच्या हक्काची, की स्वतःवर घालून घेतलेल्या काही बंधनांची? आणि त्या नदीवर पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्यांना या सभासदत्वात कोणते स्थान असते?

प्रस्तुत लेखात दक्षिण भारतातील महाशीर या नदीतील माशाच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. अशा क्लबांनी आणि त्यांच्या पद्धतीवर चाललेल्या शिबिरांनी मागे ठेवलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे भिंतीवर टांगलेली माशांची मुंडकी नव्हे, तर पकडीची नोंदवही होय. आणि अँगलरांच्या वर्तुळाने सद्हेतूने केलेल्या एका चुकीची साक्ष अखेर याच नोंदवहीने दिली, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

'अँगलिंग' म्हणजे उपजीविकेसाठी नव्हे, तर छंद म्हणून गळाने मासे धरणे. मराठीत या क्रियेला शब्द नाही असे मात्र नाही. कोकणात 'गरवणे' हा शब्द आजही रूढ आहे आणि गळाला 'गरी' म्हणतात. हा छंद सर्वस्वी इंग्रजांनी आणला हा समजही तपासून घ्यावा लागतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये 'मत्स्यविनोद' असे स्वतंत्र प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, दोर, गळ आणि आमिषे यांचे वर्णन आहे. प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष वेधले. इंग्रजांनी आणले ते गरवणे नव्हे, तर त्यासाठीचा क्लब: सभासदांची यादी, नियम, वर्गणी आणि नोंदवही.

इंग्लंडमधील पूर्वपीठिका

या क्लबांचा एक नमुना म्हणून हॅम्पशायर परगण्यातील टेस्ट नदीवरच्या हौटन क्लबाचा उल्लेख करावा लागतो. १८२२ साली स्टॉकब्रिज या लहानशा गावी स्थापन झालेल्या या क्लबाची सभासदसंख्या प्रारंभापासूनच अत्यंत मर्यादित ठेवण्यात आली. संख्या ठरलेली असल्याने जागा रिकामी झाल्याशिवाय नव्या माणसाला प्रवेश नाही. येथील मुख्य मासा ट्राऊट. सभासद गावातील एका हॉटेलात उतरत आणि दिवसभरात मिळालेल्या माशांची संख्या व वजन, हवामान, पाण्याची स्थिती यांची नोंद ठेवीत. सर हर्बर्ट मॅक्सवेल यांनी या नोंदींचे संपादन करून १९०८ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. जमीनदार, धर्मोपदेशक आणि लष्करी अधिकारी यांच्या करमणुकीचा तो दस्तऐवज असला, तरी एका नदीच्या सलग ऐंशीहून अधिक वर्षांच्या स्थितीची तितकी तपशीलवार माहिती अन्यत्र सहजासहजी मिळत नाही.

ट्राऊट आणि सामन हे इंग्लंडमध्ये प्रतिष्ठितांचे मासे. उरलेले सारे 'कोर्स' म्हणजे सामान्य प्रतीचे मासे मानले जात आणि त्यांच्या मागे औद्योगिक शहरांतील कामगार रविवारी आगगाडीने नदीकाठी जात. माशांच्या विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवणारा १८७८ चा कायदा अशाच कामगार अँगलरांच्या मागणीतून आला, ही बाब लक्षणीय आहे. शेफील्डचे संसद सदस्य ए. जे. मुंडेला यांनी तो मांडला म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. नदीची काळजी फक्त जमीनदारांनाच होती, असे म्हणता येत नाही.

या सामान्य गणल्या गेलेल्या माशांपैकी बार्बेल या माशाला पुढे विशेष चाहते लाभले. वेगवान प्रवाहात तळाशी राहणारा, ओठाजवळ मिशांसारखे स्पर्शक असलेला आणि गळाला लागल्यावर दीर्घकाळ झुंजणारा हा मासा. १९७७ साली स्थापन झालेल्या 'बार्बेल कॅचर्स क्लब' या संस्थेने तर नावातच आपला एकमेव विषय सांगून टाकला. अशा क्लबांत मासा पोटासाठी धरला जात नाही. तो मोजून, तोलून पुन्हा पाण्यात सोडला जातो आणि त्याचा तपशील सभासदांत वाटून घेतला जातो.

बार्बेलची आणखी एक हकीकत येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण तिचे प्रतिबिंब पुढे कावेरीत दिसणार आहे. १९५६ साली 'अँगलिंग टाइम्स' या साप्ताहिकाच्या पुढाकाराने केनेट नदीतील ५०९ बार्बेल सेव्हर्न नदीत नेऊन सोडण्यात आले. सेव्हर्न ही मोठी नदी. पण तिच्यात हा मासा मुळात नव्हता. तो तेथे इतका फोफावला की पुढील दोन-तीन दशकांत सेव्हर्न ही बार्बेलच्या अँगलरांची पंढरीच ठरली. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडणे ही त्या काळी नदीची सेवा मानली जात होती. त्याबद्दल कोणाच्या मनात शंका असल्याचे दिसत नाही.

मराठी नावाचा मासा

महाशीर हा बार्बेलचाच आप्त. दोघेही कार्प माशांच्या विस्तृत कुळातले. एकोणिसाव्या शतकातील प्राणिशास्त्रज्ञ तर दोघांनाही 'बार्बस' या एकाच प्रजातीत घालीत. दख्खनमधील महाशीराचे शास्त्रीय वर्णन प्रथम केले ते विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने. मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्याचे काम दिले होते. शेती, जमीनधारा, लोकसंख्या यांबरोबरच त्याने पक्षी आणि मासेही तपासले. १८३९ साली त्याने वर्णिलेला 'बार्बस खुद्री' (आजचे नाव 'टॉर खुद्री') हा मासा पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पात्रातून मिळालेला होता. 'खुद्री' हे नाव लॅटिन नाही, ग्रीकही नाही. साइक्सने ते स्थानिक मराठी नाव म्हणून नोंदले आणि तेच जगभरच्या शास्त्रीय वाङ्‌मयात कायम झाले. त्याने 'मुसुल्ला' हेही असेच एक स्थानिक नाव दुसऱ्या माशाला दिले. या दुसऱ्या नावाने पुढे बराच गोंधळ माजविला.

साइक्सला ही नावे ज्यांनी सांगितली, त्या नदीकाठच्या माणसांची नावे मात्र कोठेही नाहीत. मासा ओळखणारे, पकडून आणणारे आणि त्याचे नाव सांगणारे हेच लोक. पण लिहिणारा दुसरा. वसाहतकालीन निसर्गविज्ञानाच्या इतिहासात हे वारंवार आढळते आणि महाशीराच्या कथेत ते अखेरपर्यंत टिकून राहते.

साइक्सने महाशीराला नाव दिले, परंतु अँगलरांमध्ये त्याला कीर्ती मिळवून दिली ती मद्रास सनदी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस याने. १८७३ साली मंगळूर येथे छापलेल्या 'द रॉड इन इंडिया' या त्याच्या पुस्तकात महाशीर हा सामनपेक्षाही सरस झुंज देणारा मासा असल्याचे ठामपणे मांडले होते. मायदेशातील सामनच्या नद्या ज्यांना परवडत नव्हत्या, अशा कनिष्ठ लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांना या एका विधानाने काय दिले असेल, याची कल्पना करता येते. थॉमस केवळ शौकीन नव्हता. दक्षिण कानडा जिल्ह्यातील मत्स्यसंवर्धनावर त्याने अहवाल लिहिला होता आणि माशांची पिल्ले सरसकट मारली जाण्याबद्दल त्याने सरकारचे लक्ष वेधले होते. त्याच सुमारास फ्रान्सिस डे यानेही गोड्या पाण्यातील मासेमारीवर विस्तृत अहवाल सादर केला. सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारण्यास बंदी घालणारा १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. या कायद्याची अंमलबजावणी किती झाली हा वेगळा प्रश्न. आजही पावसाळ्यापूर्वी आटलेल्या डोहांत सुरुंग उडविल्याच्या बातम्या येत असतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या छंदाचे वाङ्‌मयही समृद्ध झाले. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी या १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या संस्थेच्या नियतकालिकातून महाशीरावरील अनुभव, नोंदी आणि वाद प्रसिद्ध होत. होरा यांची भारतातील क्रीडामत्स्यांवरील लेखमाला तेथेच आली. ए. सेंट जे. मॅक्डोनाल्ड यांचे महाशीरविषयक पुस्तक याच संस्थेने १९४८ साली प्रकाशित केले. म्हणजे इंग्रज निघून गेल्याच्या दुसऱ्याच वर्षी! राज्य गेले, तरी छंदाची पुस्तके छापली जात होती.

त्या काळच्या अँगलरांचे यश वजनात मोजले जाई. म्हैसूरचे व्हॅन इंगेन कुटुंब वाघ-बिबट्यांच्या कातड्यांत पेंढा भरण्याच्या व्यवसायासाठी जगप्रसिद्ध होते. याच कुटुंबातील डी वेट व्हॅन इंगेन यांनी १९४६ साली काबिनी नदीत १२० पौंड वजनाचा महाशीर पकडला, ही नोंद अद्याप मोडली गेलेली नाही. मासा मेलेला असे, तोलला जाई आणि त्याची मुद्रा भिंतीवर जाई. नोंद ही शिकारीची शेपटी होती.

नव्या काळातील सभासद

स्वातंत्र्यानंतर दक्षिणेतील मोठे महाशीर संपले, अशी समजूत परदेशातील अँगलरांत पसरली होती. कृष्णराजसागर आणि १९३४ साली पूर्ण झालेले मेत्तूर ही धरणे कावेरीवर उभी राहिली होती आणि विणीसाठी वरच्या अंगाला जाणाऱ्या माशांच्या वाटा अडल्या होत्या. १९७७-७८ मध्ये तीन इंग्रज तरुण या माशाच्या शोधात भारतात आले. त्यांना कावेरीत ९० पौंडांहून अधिक वजनाचा महाशीर मिळाला आणि नदीचे नाव पुन्हा जगभर झाले.

मात्र नदीची राखण त्याआधीच सुरू झाली होती. १९७२ हे वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे वर्ष. त्याच वर्षी बंगळूर येथे 'वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया' ही संस्था स्थापन झाली. नाव वन्यजीवांचे असले, तरी कावेरीचा एक पट्टा शासनाकडून पट्ट्याने घेऊन तेथे महाशीराचे अँगलिंग नियमबद्ध रीतीने चालविणे हे तिचे प्रमुख कार्य बनले. मडिकेरी येथील 'कूर्ग वाइल्डलाइफ सोसायटी' हीदेखील कावेरीच्या वरच्या भागात परवाने देऊन अँगलिंग करू देई. आसामात जिया भराली नदीवर चहामळेवाल्यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या अँगलिंग संघटनेचे उदाहरणही याच जातीचे आहे. मुंबईत पवई तलावाशी निगडित अँगलिंग संघटना जुनी आहे. पण तो तलाव, वाहती नदी नव्हे.

अशा क्लबाच्या सभासदाने काय स्वीकारले, हे पाहणे उद्बोधक आहे. पकडलेला मासा जिवंत सोडायचा, ही पहिली अट. ती वरवर साधी वाटते. पण ज्या परंपरेत मासा भिंतीवर टांगला जात होता, तिच्या दृष्टीने ही अट म्हणजे सगळ्या छंदाची उलटापालट होती. आमिष नाचणीच्या पिठाच्या शिजवलेल्या गोळ्याचे किंवा लहान माशाचे. गळाला लागलेला महाशीर खडकाळ धारेत पळाला की टोपलीच्या आकाराच्या वाटोळ्या होडीतून त्याचा पाठलाग करायचा, दमला की काठाशी आणायचा, वजन करायचे आणि श्वास स्थिर होईपर्यंत प्रवाहाकडे तोंड करून हातांनी धरून ठेवायचे. यात अर्धा तास जाई, कधी त्याहून अधिक. वजन आणि तारीख लिहून ठेवायची. पुरावा म्हणून आता मासा नव्हे, तर कागद उरला. नोंदीला स्वतंत्र मूल्य आले ते येथे.

नदीवरचे खरे जाणते मात्र सभासद नव्हते. डोह कोठे खोल आहे, कोणत्या खडकाआड मासा उभा राहतो, पाणी गढूळ झाल्यावर तो कोठे सरकतो, हे ठाऊक असलेले लोक आसपासच्या खेड्यांतले होते. त्यांतील अनेकांनी पूर्वी याच नदीत चोरून जाळी लावली होती, क्वचित सुरुंगही उडविले होते. क्लबांनी आणि शिबिरांनी त्यांना वाटाडे आणि राखणदार म्हणून पगारावर घेतले. या व्यवस्थेचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते अस्थानी नाही. शिबिरे चालू असलेल्या पट्ट्यात सुरुंग उडविणाऱ्यांना वाव राहिला नाही आणि मासा वाढला. परंतु ज्यांना उत्पन्नाचे साधन मिळाले त्यांच्याबरोबरच, ज्यांना नदीचा पारंपरिक वापर सोडावा लागला असेही लोक होते. एक सभासद होतो, दुसरा नोकर होतो आणि तिसरा अतिक्रमण करणारा ठरतो. नदी मात्र तिघांची एकच. संरक्षणाच्या यशाची चर्चा करताना हा तिसरा माणूस सोयीस्कररीत्या विसरला जातो.

येथे तुलनेसाठी संरक्षणाची एक निराळी परंपराही ध्यानात घ्यावी लागते. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील वाळण कोंड येथे, सावित्रीच्या खोऱ्यात, देवीचे मासे म्हणून महाशीर पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले आहेत. तुंगेकाठच्या शृंगेरी मठाजवळही तसेच. तेथे वर्गणी नाही, परवाना नाही आणि अर्थातच गळ नाही. लोक चुरमुरे टाकतात आणि मासे पायरीपर्यंत येतात. सभासदत्व म्हणावे तर ते सर्व गावाचे आहे. पण अशा ठिकाणी माशांची मोजदादही नसते. आज डोहात किती मासे आहेत आणि तीस वर्षांपूर्वी किती होते, हे सांगायला श्रद्धेजवळ आकडा नाही.

लोणावळ्याची बोटुकली

महाशीर कमी होत आहे, ही जाणीव १९७० च्या सुमारास महाराष्ट्रातही होती. लोणावळ्याच्या परिसरात टाटांच्या वीजकंपनीची धरणे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत बांधली गेली होती. त्यांपैकी मुळशीच्या धरणाला सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह महाराष्ट्राच्या इतिहासात सुपरिचित आहे. ज्या धरणांनी नद्यांचा प्रवाह बदलला, त्यांच्याच एका जलाशयाकाठी महाशीर वाचविण्याचा उद्योग सुरू व्हावा, हा योगायोग मोठा विचित्र म्हणावा लागेल. वळवण येथे कंपनीने मत्स्यबीज केंद्र चालविले. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी 'टॉर खुद्री'ची वीण, अंडी आणि पिल्लांची वाढ यांवर केलेले संशोधन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे एस. एन. ओगले यांनी हे काम दीर्घकाळ चालविले.

पद्धत कष्टाची होती. पावसाळ्यात पाण्याची आवक होते त्या तोंडाशी जमणारे पक्व नर-मादी धरायचे, मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी भांड्यात घ्यायची, त्यावर नराचे वीर्य मिसळायचे आणि फलित अंडी वाहत्या पाण्याच्या तबकांत ठेवायची. महाशीराची अंडी इतर कार्पांच्या मानाने संख्येने कमी, आकाराने मोठी आणि पाण्यात तळाशी बसणारी. उबायला काही दिवस लागतात आणि तेवढ्या अवधीत पाणी गढूळले किंवा साकळले तर सारी मेहनत वाया जाते. या अडचणींवर मात करून केंद्राने लाखोंच्या संख्येने पिल्ले वाढविली. बोटभर लांबीची ही बोटुकली देशभरच्या जलाशयांत आणि नद्यांत वाटली गेली. शासकीय मत्स्यविभागांना ती हवी होती, अँगलिंग संघटनांना हवी होती. कावेरीतही ती सोडण्यात आली.

त्या वेळी कोणी याला आक्षेप घेण्याचे कारणही नव्हते. महाशीर दुर्मीळ होत होता आणि लोणावळ्याला महाशीर तयार होत होता. 'महाशीर' या एका शब्दाने दोन वेगवेगळे मासे झाकले गेले होते, इतकेच. कावेरीचा मूळचा महाशीर डोक्यामागे उंच मदार असलेला, नारिंगी छटेच्या परांचा आणि अवाढव्य वाढणारा. व्हॅन इंगेन यांचा १२० पौंडांचा मासा या मदारी महाशीराचाच मानला जातो. लोणावळ्याचा 'खुद्री' निळसर परांचा आणि वेगळ्या जातीचा. अँगलरांना डोळ्यांनी हा भेद दिसत होता. त्यांच्या बोलण्यात निळ्या परांचा आणि मदारी असे दोन प्रकार होतेच. पण शास्त्राच्या वहीत मदारी महाशीराला धड नाव नव्हते. साइक्सच्या 'मुसुल्ला' या नावाखाली तो बरीच वर्षे दडपला गेला आणि ते नाव वस्तुतः भलत्याच माशाचे असल्याचे पुढे स्पष्ट झाले. ज्याला नाव नाही त्याची गणना होत नाही आणि ज्याची गणना होत नाही तो नाहीसा होत असल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

नोंदवहीची साक्ष

लक्षात आले ते नोंदवहीमुळे. कर्नाटक शासनाच्या जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स या कंपनीची कावेरीकाठी अँगलिंग शिबिरे होती. भीमेश्वरी, गलिबोरे आणि दोड्डमकळी ही त्यांची ठिकाणे. तेथे येणाऱ्याने किती तास गळ टाकला, किती मासे मिळाले, त्यांचे वजन किती आणि प्रकार कोणता, हे लिहून ठेवण्याची पद्धत होती. वर म्हटल्याप्रमाणे ही शिस्त मुळात क्लबांतून आलेली. गलिबोरे शिबिरातील १९९८ ते २०१२ या काळातील वह्या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ एड्रियन पिंडर, केरळातील राजीव राघवन आणि जे. रॉबर्ट ब्रिटन यांनी अभ्यासल्या. त्यांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. या वह्यांत २३,६२० तासांच्या मासेमारीची आणि ६,१६१ महाशीरांची नोंद होती. सर्वांत लहान मासा अर्ध्या किलोहून कमी, सर्वांत मोठा ४६.८ किलोचा.

वरवर पाहता ही यशोगाथाच होती. दर तासाला मिळणाऱ्या माशांची संख्या या काळात वाढत गेली होती. मात्र प्रकारवार आकडे वेगळे काढल्यावर चित्र पालटले. वाढ होती ती निळ्या परांच्या महाशीराची. मदारी महाशीर दुर्मीळ होत गेला होता आणि जे थोडे मिळत होते ते अधिकाधिक वजनाचे होते. अँगलरच्या दृष्टीने मोठा मासा मिळणे हे भाग्य. पण संशोधकाच्या दृष्टीने केवळ मोठेच मासे मिळणे हे अशुभचिन्ह. लहान मासे मिळत नाहीत, याचा अर्थ नवी पिढी तयार होत नाही. म्हातारी माणसेच उरलेल्या गावासारखी ही स्थिती. एका सुट्टीत चार-सहा मासे धरणाऱ्या एकट्या सभासदाला हे कधीच कळले नसते. त्याच्या दृष्टीने तर नदी भरभराटीला आलेली होती. पंधरा वर्षे शेकडो हातांनी लिहिलेल्या ओळी एकत्र ठेवल्यावरच ते दिसले.

ऱ्हासाचे कारण एकच होते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. धरणे, वाळूउपसा, सुरुंग, घटलेला उन्हाळी प्रवाह ही सारी कारणे होतीच. परंतु ती दोन्ही महाशीरांना लागू होती आणि त्यांतील एक वाढत असताना दुसरा संपत होता. बाहेरून आणून सोडलेल्या माशाने मूळच्या माशाची जागा घेतली, हे अनुमान म्हणूनच टाळता येत नाही. सेव्हर्नमध्ये ज्या कृतीला उपकार मानले गेले, तीच कृती कावेरीत एका जातीच्या मुळावर आली. सेव्हर्नमध्ये मूळचा बार्बेल नव्हताच, म्हणून तेथे त्याचा बळी कोण, हा प्रश्न तितक्या तीव्रतेने कोणी विचारला नाही.

मदारी महाशीराला शास्त्रीय नाव मिळायला २०१८ साल उजाडावे लागले. केरळातील पांबार या कावेरीच्या उपनदीतून २००७ मध्ये 'टॉर रेमादेवी' या नावाने वर्णिलेला मासा आणि अँगलरांचा मदारी महाशीर हे एकच असल्याचे जनुकीय व शरीररचनेच्या पुराव्यांनी सिद्ध झाले. साइक्सने पुण्याजवळच्या माशाला नाव दिल्यापासून जवळजवळ एकशेऐंशी वर्षांनी! त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत या जातीची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. यादीत नाव चढायलाही आधी नाव असावे लागते. उलट, पूर्वी 'संकटग्रस्त' मानला गेलेला 'खुद्री' नव्या मूल्यमापनात 'अल्प चिंताजनक' या वर्गात गेला आणि लोणावळ्याच्या अर्धशतकी परिश्रमांचे फळ म्हणून त्याचे स्वागत झाले. दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत. मात्र ज्या नदीत साइक्सला हा मासा सापडला, त्या मुळा-मुठेचे पुणे शहराखालचे आजचे पाणी पाहता, जातीचे कल्याण आणि तिच्या मूळ घराचे कल्याण या दोन भिन्न बाबी आहेत, हे मान्य करावे लागते.

नोंदवहीच्या शेवटच्या पानाविषयी थोडे. वन्यजीव संरक्षण अधिनियमातील 'शिकार' या संज्ञेत प्राण्याला मारण्याबरोबरच त्याला पकडणेही अंतर्भूत आहे. कावेरीचा हा पट्टा अभयारण्यात मोडत असल्याने, मासा सोडून द्यायचा असला तरी त्याला गळाने धरणे ही शिकारच होय, असा अर्थ लावून तेथील अँगलिंग थांबविण्यात आले. कायद्याच्या शब्दांकडे पाहता या अन्वयार्थात खोट काढणे कठीण आहे. अभयारण्यात करमणुकीसाठी प्राण्याच्या ओठात लोखंड रुतवू द्यावे का, हा नैतिक प्रश्नही टाळण्याजोगा नाही. तथापि, परिणाम असा झाला की शिबिरांवर अवलंबून असलेले वाटाडे आणि राखणदार यांचे काम गेले, रात्रीची गस्त उरली नाही आणि २०१२ नंतर गलिबोरेची पाने कोरी राहिली. मदारी महाशीराची शेवटची पिढी म्हातारी होत असताना, तिची स्थिती सांगणारी एकमेव सलग मालिका तेथेच खंडित झाली. पुढे संशोधकांना या माशाचे नमुने मिळाले ते कावेरीच्या मुख्य पात्रात नव्हे, तर निलगिरीच्या पायथ्याशी वाहणाऱ्या मोयार या तिच्या एका उपनदीच्या शाखेत. तेथे बाहेरची बोटुकली तेव्हा पोहोचलेली नव्हती.